मोबाइलवर टाइमलॅप्स आणि हायपरलॅप्स: फोनचा शहाणपणा आधी बंद करा

पावसाळा लागला की माझ्या व्हॉट्सॲपवर ढगांचे टाइमलॅप्स, म्हणजे ठरावीक अंतराने काढलेले फोटो जोडून केलेले वेगवान व्हिडिओ, यायला लागतात. ताम्हिणीचे, माळशेजचे, सिंहगडाच्या पार्किंगमधून काढलेले. सोबत प्रश्न ठरलेला: "सगळं सांगितलं तसंच केलं, तरी असं का झालं?" असं म्हणजे तीनपैकी एक. एकतर चित्र सारखं उजळतंय आणि काळवंडतंय, नाहीतर डोंगर थरथरतोय, नाहीतर तासभर पावसात उभं राहून हाती सात सेकंद लागलेत.

सात सेकंदांचं दुखणं हिशेबाचं, ते पहिल्याच टप्प्यात मिटेल. उरलेल्या दोन्हींचं मूळ बहुतेक वेळा एकच असतं. फोन प्रत्येक फ्रेमला, म्हणजे प्रत्येक सुट्या फोटोला, नव्याने ठरवतो: उजेड किती घ्यायचा, रंग कुठे झुकवायचा, फोकस कशावर, तीन लेन्सपैकी कोणती. एक फोटो काढताना हा शहाणपणा उपयोगी पडतो. ओळीने तीनशे काढताना तो तीनशे वेळा मत बदलतो. म्हणून टाइमलॅप्सचा नियम असा, की चौकटीत फक्त विषय हलायचा, बाकी सगळं खिळल्यासारखं जागेवर. हायपरलॅप्समध्ये फोन पावलापावलाने पुढे सरकतो, पण समोरचा एक बिंदू चौकटीत जागचा हलत नाही.

नावांचा एक घोळ आधीच मिटवू. सॅमसंगच्या कॅमेऱ्यात 'हायपरलॅप्स' नावाचा जो मोड आहे, तो ट्रायपॉडवर लावला की साधा टाइमलॅप्सच काढतो. या लेखात हायपरलॅप्स म्हणजे फोन स्वतः जागा बदलत जातो तो प्रकार.

टप्पा १: कागदावर हिशेब

हा टप्पा जवळजवळ सगळेच गाळतात. व्हिडिओ सेकंदाला २५ फ्रेमचा धरा. १० सेकंदांची क्लिप हवी तर २५० फ्रेम लागणार. दोन फ्रेममधला वेळ, म्हणजे इंटर्व्हल, २ सेकंद ठेवला तर २५० गुणिले २, म्हणजे ५०० सेकंद, साधारण साडेआठ मिनिटं. इंटर्व्हल ५ सेकंद केला तर तीच १० सेकंदांची क्लिप जवळपास २१ मिनिटं खाते.

इंटर्व्हल विषयाच्या चालीवरून ठरतो. मी साधारण हे आकडे धरून निघतो:

- रस्त्यावरची गर्दी, गाड्या: १ सेकंद
- घाटातले धावते ढग: २ सेकंद
- उन्हाळ्यातले संथ ढग, सूर्यास्त: ५ सेकंद
- रांगोळी, मखर, स्वयंपाक: ३ ते ५ सेकंद
- इमारतीवरून सरकणारी सावली: ३० सेकंद
- मटकीला मोड येणं: ५ मिनिटं

शंका असेल तर इंटर्व्हल कमी ठेवा. जास्तीच्या फ्रेम नंतर गाळता येतात, न काढलेल्या कुठून आणणार?

आता तुमच्या फोनमध्ये हे कुठे असतं? आयफोनच्या स्वतःच्या टाइमलॅप्समध्ये इंटर्व्हल निवडताच येत नाही. तो सुरुवातीला सेकंदाला दोन फ्रेम घेतो आणि रेकॉर्डिंग लांबत गेलं की आधीच्या फ्रेम गाळून अंतर दुप्पट करत जातो. त्यामुळे वीस मिनिटं काढा की दोन तास, क्लिप साधारण २० ते ४० सेकंदांचीच निघते. 'तासभर काढलं तरी एवढंच?' या तक्रारीचं उत्तर हे आहे. सॅमसंग आणि पिक्सेलमध्ये वेग निवडता येतो. तिथे ३० एक्स म्हणजे, ३० फ्रेमच्या व्हिडिओत, दर सेकंदाला एक फ्रेम. ५ एक्स घेऊन ढग काढले तर ते ढग नुसते घाईत असल्यासारखे दिसतात, टाइमलॅप्स वाटतच नाही.

इंटर्व्हल आपल्या हातात हवा असेल तर अँड्रॉइडवर 'ओपन कॅमेरा' हे फुकट ॲप घ्या. त्यात ठरावीक अंतराने फोटो काढत राहायची सोय आहे, शिवाय एक्स्पोजर (उजेड किती घ्यायचा) आणि व्हाइट बॅलन्स (रंग कुठे झुकवायचा) दोन्ही लॉक होतात. आयफोनवरही इंटर्व्हल देणारी ॲप मिळतात. घेताना एवढंच पाहा की शटर (उजेड किती वेळ आत घ्यायचा), आयएसओ (कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील) आणि व्हाइट बॅलन्स हाताने बांधता येतात का. नसतील येत, तर ते ॲप सोडा.

तपासा: क्लिप किती सेकंदांची, इंटर्व्हल किती, तिथे किती मिनिटं थांबायचं. हे तीन आकडे लिहून झाल्याशिवाय घराबाहेर पडू नका.

टप्पा २: आदल्या रात्रीची तयारी

जागा: १२ मेगापिक्सेलचा एक जेपेग ढोबळमानाने ४ एमबी धरा. २५० फोटो म्हणजे १ जीबी. दिवसभरात चार क्लिप काढायच्या तर ५ जीबी मोकळे हवेत.

चार्जिंग: पॉवर बँक लावायची असेल तर सुरू करण्याआधी लावा. मध्येच केबल खोचली की फोन केसभर हलतो आणि तो केसभर व्हिडिओत टणकन दिसतो. केबल लोंबकळू देऊ नका, ट्रायपॉडच्या पायाला रबरबँडने बांधा.

सेटिंग: फ्लॅश बंद, लाइव्ह फोटो बंद, नाइट मोड बंद, ऑटो एचडीआर बंद करता येत असेल तर तोही बंद. आयफोनवर सुटे फोटो काढणार असाल तर फॉरमॅट 'मोस्ट कम्पॅटिबल' करा, नाहीतर हेइक (आयफोनचा स्वतःचा फोटो फॉरमॅट) फाइली नंतर संगणकावर नखरे करतात. अँड्रॉइडवर ॲपची बॅटरी बचत काढून टाका. फोन 'वापरात नाही' असं समजून ॲप मारतो आणि तुम्ही रिकाम्या कॅमेऱ्यासमोर डास मारत बसता.

लेन्स पुसा. रोज खिशात घासलेल्या लेन्सवर तेलकट थर असतो. एका फोटोत तो दिसत नाही, पण सूर्य समोर आला की अख्ख्या क्लिपभर पांढरा पडदा पसरतो.

पिशवीत मऊ सुती फडकं, एक पांढरा रुमाल, चार रबरबँड, एक रिकामी कापडी पिशवी आणि सुतळीचा तुकडा टाका. सुतळी कशाला ते पुढे येईल.

टप्पा ३: फोन रोवणं

ट्रायपॉडचे पाय पूर्ण उघडा, पण मधला दांडा वर काढू नका. तो वर गेला की अख्खा ट्रायपॉड छत्रीच्या काठीसारखा डुलतो. कमी उंचीवरून चालत असेल तर पायही लांबवू नका. घाटमाथ्यावर कापडी पिशवीत दगड भरून ट्रायपॉडला अडकवा आणि पिशवीचा तळ जमिनीला टेकू द्या. हवेत लटकणारी पिशवी वाऱ्याने झोके घेते आणि स्वतःच फोन हलवते. ही चूक मी दोन पावसाळे केली.

समुद्रकिनारी पाय वाळूत हळूहळू रुततात. प्रत्येक पायाखाली चपटा दगड किंवा सरळ चप्पल ठेवा. भरतीची वेळ आधी पाहून ठेवा.

थांबा: रेल्वेच्या पादचारी पुलावर, उड्डाणपुलाच्या कठड्यावर किंवा गच्चीतल्या पाण्याच्या टाकीवर फोन ठेवू नका. लोकल गेली, ट्रक गेला, पंप चालू झाला की फ्रेम थरथरणार. तळहात कठड्यावर टेकवून मिनिटभर थांबा. कंप हाताला जाणवला तर कॅमेऱ्यालाही जाणवणारच.

टप्पा ४: लॉक, आणि तेही याच क्रमाने

सगळ्यात जास्त क्लिप इथे मरतात. क्रम उलटा झाला तर आधी केलेलं लॉक सुटतं, कारण चौकट किंवा लेन्स बदलली की बरेच फोन एक्स्पोजर पुन्हा मोजतात.

१. चौकट. आत्ता काय दिसतंय यापेक्षा अर्ध्या तासाने काय दिसेल ते बघा. आपल्याकडे मावळता सूर्य सरळ खाली उतरत नाही, उजवीकडे थोडा कलत उतरतो. सुरुवातीला त्याला मधोमध ठेवलं तर बुडताना तो बाजूला गेलेला असतो. म्हणून सुरुवातीला तो डावीकडे ठेवा. फोटो चार-तीनच्या मापाचा असतो आणि व्हिडिओ सोळा-नऊचा, तेव्हा वरून-खालून कापलं जाणार हे धरून चला.

२. लेन्स. नेहमीची १ एक्स. तिसरी-चौथी फ्रेम झाल्यावर फोनने स्वतःहून अल्ट्रावाइडवर (सगळ्यात रुंद दाखवणाऱ्या लेन्सवर) उडी मारली की क्लिप गेली. मॅक्रोची आपोआप चालणारी सोय बंद करा.

३. फोकस. जिथे धारदार हवं तिथे बोट दाबून धरा. आयफोनवर 'एई/एएफ लॉक'ची पिवळी पट्टी येईपर्यंत. धुक्यात आधी एखाद्या लांबच्या कड्यावर फोकस बांधून घ्या, नंतर ढग आला तर येऊ दे.

४. एक्स्पोजर. ढग उजळले की तपशील गायब होतात आणि ते परत मिळत नाहीत. त्यामुळे डोळ्याला बरं वाटतं त्याहून जरा काळोखं ठेवा. दिव्यांच्या उजेडात शटर १/५० किंवा १/१०० ठेवा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो. शटर त्या तालात नसलं तर पट्टे सरकताना दिसतात. गणपतीच्या मखराचे टाइमलॅप्स हमखास यात फसतात.

५. व्हाइट बॅलन्स. दिवसा ५५०० केल्विनच्या आसपास, पण आकड्यापेक्षा तो बांधलेला असणं महत्त्वाचं. ऑटोवर सोडलात तर लाल छत्री चौकटीतून गेली की आकाश निळसर होतं, छत्री गेली की परत पिवळं.

६. एअरप्लेन मोड. सिंहगडावर एकदा ३५ मिनिटं उत्तम ढग मिळाले. छत्तिसाव्या मिनिटाला "सर, आपल्याला प्री-अप्रूव्ह्ड लोन आहे" असा फोन आला आणि रेकॉर्डिंग थांबलं. ढग परत आले नाहीत, लोनचा फोन मात्र दोनदा आला.

गाड्यांच्या दिव्यांच्या रेघा किंवा पाणी मऊ दिसायला हवं असेल तर शटर लांब हवं, आणि बहुतेक फोनच्या लेन्सचं उजेड आत घेणारं छिद्र लहान करता येत नाही. एफ/१.८ ची लेन्स आणि आयएसओ ५० असेल तर भर उन्हात शटर १/४००० च्या घरात जातं. लेन्सवर चिमट्याने एनडी ६४ चा, म्हणजे उजेड ६४ पट कमी करणारा, गॉगल बसवला तर ते १/६० पर्यंत उतरतं. सुरुवातीला याची गरज नाही. चार क्लिप नीट जमल्यावर घ्या.

तपासा: २० फ्रेमची चाचणी काढा, लगेच बघा. उजेड लुकलुकतोय का? कडा हलतायत का? ही दोन मिनिटं वाचवायला जाऊन मी कितीतरी संध्याकाळी वाया घालवल्यात.

टप्पा ५: चालू असताना

हात लावू नका. स्क्रीनवर 'किती झालं' बघायला बोट टेकवलं तरी फोन हलतो. घड्याळ मनगटावर आहे, ते बघा. सुरुवात आणि शेवट टायमरने किंवा ब्लूटूथ रिमोटने करा. तो नसेल तर पहिल्या आणि शेवटच्या दहा फ्रेम टाकून द्यायच्या, असं धरूनच थोडं जास्त काढा.

आयफोनसाठी ॲपलने दिलेली वापराची मर्यादा ३५ अंशांची आहे. मे महिन्यात नागपुरात सोडा, पुण्यातसुद्धा उन्हात ठेवलेला फोन ती सहज ओलांडतो, स्क्रीन मंद होते, मग कॅमेरा बंद पडतो. पांढरा रुमाल पाठीवर टाका, लेन्स उघडी ठेवून. कव्हर काढा. जलद चार्जिंग नको, त्यानेही फोन तापतो.

पावसात लेन्सवर पडलेला एक थेंब वीस फ्रेम खातो. पुसायचाच असेल तर दोन फ्रेमच्या मधल्या अंतरात, एकाच फटक्यात.

सूर्यास्त हा इथला अपवाद. सूर्य वर असताना बांधलेलं एक्स्पोजर तो बुडल्यावर काळंकुट्ट होतं. तेव्हा व्हाइट बॅलन्स आणि फोकस बांधा, एक्स्पोजर मात्र मोकळं सोडा. थोडी लुकलुक येईल, ती नंतर कमी करता येते. सूर्य बुडण्याआधी अर्धा तास सुरू करा आणि बुडाल्यावर अर्धा तास थांबा. खरे रंग बरेचदा नंतरच येतात, आणि तोवर निम्मे लोक भज्यांच्या गाडीवर पोचलेले असतात.

घरातला सराव: मटकी

पहिला प्रयोग डोंगरावर करू नका. आठ तास भिजवलेली मटकी बशीत ओल्या कापसावर पसरा, जुना फोन वरून रोखा, चार्जर लावा, इंटर्व्हल ५ मिनिटं. चोवीस तासांत २८८ फ्रेम, म्हणजे साडेअकरा सेकंद. खिडकी बंद, एकच टेबललॅम्प सतत चालू. खिडकी उघडी राहिली तर दिवस-रात्रीचा उजेड मोडांपेक्षा जास्त नाचतो.

चूक हमखास होते ती पाणी देताना. वरून शिंपडलं की दाणे घरंगळतात आणि क्लिपमध्ये मटकी उडी मारते. ड्रॉपरने कडेच्या कापसावर पाणी सोडा, ते आपोआप आत झिरपतं. आणि घरातल्यांना सांगून ठेवा, नाहीतर रात्री अकराला कुणीतरी दिवा मालवणारच.

टप्पा ६: हायपरलॅप्स, पाऊल मोजून

इथे नुसता व्हिडिओ चालू करून चालत सुटायचं नाही. सुटे फोटो, एकेक पाऊल सरकत. उदाहरण म्हणून मुंबईचं छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस घेऊ, समोरच्या पालिका मुख्यालयाच्या बाजूच्या फुटपाथवरून.

खिळा ठरवा. दर्शनी भागावरचं मोठं घड्याळ हा आपला खिळा. स्क्रीनवरची ग्रिड चालू करा आणि घड्याळाचा मध्य रेघांच्या एका छेदावर आणा. प्रत्येक फोटोत तो तिथेच. खिळा दूरचा आणि काटेकोर हवा. झाड किंवा झेंडा चालत नाही, वाऱ्याने हलतो.

पावलाचं माप. फुटपाथचे पेव्हर ब्लॉक ही फुकटची मोजपट्टी. एक-दोन ब्लॉक मिळून २५ सेंटिमीटरच्या आसपास भरतात का ते बघा आणि दर फोटोला तेवढंच सरका. १५० फोटो म्हणजे सहा सेकंद आणि साधारण साडेसदतीस मीटर चाल. तेवढा फुटपाथ फेरीवाले, खांब आणि खड्ड्यांविना सरळ आहे का, ते आधी मोकळ्या हाताने चालून बघा. पावलं असमान पडली की दृश्य मध्येच धावतं, मध्येच अडखळतं.

उंची. आता ती सुतळी. फोनच्या पकडीला बांधा, खालच्या टोकाला एक नट, गवंड्याच्या ओळंब्यासारखी. नट जमिनीला नुसता टेकेल इतकी लांबी ठेवा. दर फोटोला नट ठरलेल्या ब्लॉकच्या कडेवर टेकला, की उंची आणि जागा दोन्ही एकाच वेळी जुळल्या. बघणारे हसतात, हसू द्या.

एका फोटोची रीत अशी: सरका, नट टेकवा, थांबू द्या, घड्याळ छेदावर आणा, श्वास रोखा, शटर. ब्लॉक मनात मोजा. चार-पाच सेकंदांत एक फोटो जमतो, १५० फोटोंना दहा-बारा मिनिटं. त्याहून जास्त रेंगाळलात तर उजेड बदलतो.

थांबा: अल्ट्रावाइड इथे अजिबात नको. त्याच्या कडा ताणलेल्या असतात, नंतर स्थिर करताना इमारत जेलीसारखी हलते. आणि खांब, बसस्टॉप असं काही फोनच्या अगदी जवळून जाऊ देऊ नका, त्याची उडी कुठलंही सॉफ्टवेअर लपवू शकत नाही.

वेळ रविवारची सकाळ, सातच्या आत. फुटपाथ सोडून रस्त्यावर उतरायचं नाही, मागे चालत फोटो काढायचे नाहीत. ट्रायपॉड दिसला की बऱ्याच ठिकाणी शिट्टी वाजते. हायपरलॅप्सला मोनोपॉड (एका पायाचा स्टँड) पुरतो आणि त्याकडे फारसं कुणी बघत नाही. स्टेशनच्या आत मात्र विचारल्याशिवाय काहीही उभं करू नका.

घाईचा पर्याय म्हणून गुडघे किंचित वाकवून चालत व्हिडिओ काढा आणि नंतर दहापट वेगवान करा. गल्लीबोळांत बरा दिसतो. त्याला मी हायपरलॅप्स म्हणत नाही, पण भांडायलाही येणार नाही.

टप्पा ७: जोडणी

आधी मूळ फोटो संगणकावर उतरवा, मग दुसरीकडे एक प्रत. फाइली नावाने नाही, वेळेने लावा. आयफोनचा आकडा ९९९९ नंतर पुन्हा ०००१ वर येतो आणि नावाने लावलेली क्लिप मध्येच मागे पळते.

लाइटरूम या फोटो सुधारायच्या सॉफ्टवेअरमध्ये मधला एक फोटो सुधारा आणि तेच बदल सगळ्यांवर चिकटवा. प्रत्येक फोटो वेगळा 'ऑटो' केलात तर टप्पा ४ मध्ये बंद केलेला शहाणपणा मागच्या दाराने परत आला. बदल चिकटवल्यावर पहिला आणि शेवटचा फोटो उघडून बघा.

मग दाविंची रिझॉल्व्ह या व्हिडिओ जोडणीच्या सॉफ्टवेअरच्या फुकट आवृत्तीत हे फोटो इमेज सिक्वेन्स, म्हणजे ओळीने लावलेली एकच क्लिप, म्हणून घ्या. प्रोजेक्टचा वेग आधी २५ करा, क्लिप टाकल्यावर तो बदलता येत नाही. ४००० गुणिले ३००० पिक्सेलच्या फोटोतून ३८४० गुणिले २१६० चा फोर-के व्हिडिओ निघतो आणि उभ्या दिशेला ८४० पिक्सेल शिल्लक राहतात. चौकट वर-खाली सरकवायला ते कामी येतात. हायपरलॅप्स स्थिर करताना मात्र चारही कडांनी थोडं कापलं जातं, म्हणून काढतानाच सैल चौकट घ्यायची.

क्रम असा: आधी खराब फ्रेम काढून टाका, मग स्थिर करा, मग कापा, वेग सगळ्यात शेवटी. वेग आधी वाढवून नंतर स्थिर करायला गेलात तर दोन फ्रेममधल्या उड्या मोठ्या होतात आणि सॉफ्टवेअर गोंधळतं.

क्लिप तयार झाली की मोठ्या स्क्रीनवर एकदा पूर्ण बघा, मूळ फोटो त्यानंतरच पुसा. आणि मला पाठवणार असाल तर व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. व्हिडिओ म्हणून पाठवलेल्या क्लिपमध्ये धुकं कुठलं आणि कॉम्प्रेशनचे चौकोन कुठले, हे मलाही सांगता येत नाही.